सह्याद्रीतील कौटुंबिक पदभ्रमण

सह्याद्रीतील कौटुंबिक पदभ्रमण म्हणजे महाराष्ट्रातील सह्याद्री पर्वताच्या डोंगररांगांत लहान मुले व ज्येष्ठ माणसे यांच्यासह केलेली पायी भटकंती होय. तीत बहुधा किल्ल्यावर, डोंगरावरील गावात अथवा पठारावर एका रात्रीचा मुक्काम असतो. बोलीत या भटकंतीला ‘ट्रेक’ म्हणतात. ‘दुर्गभ्रमण’ आणि ‘डोंगरयात्रा’ हे शब्दही रूढ आहेत. ही भटकंती ज्या भूभागात होते तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून घडलेला आहे. वाटा, पाणी, निवारा आणि धोके या चारही बाबी येथे खडकाच्या रचनेवर अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात या भूभागाची ओळख मुंबईतील लोअर परळहून निघणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने करून दिली आहे.

ज्वालामुखीचा प्रदेश

महाराष्ट्रात आज एकही जिवंत ज्वालामुखी नाही. भारतातील एकमेव सक्रिय ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तरीही महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग ज्वालामुखीजन्य खडकाचा आहे. शंकूच्या आकाराचा डोंगर व त्याच्या माथ्यावरील विवर असे ज्वालामुखीचे जे चित्र शालेय पुस्तकांत असते, तसे काही सह्याद्रीत शोधूनही सापडत नाही. कारण येथील लाव्हा एखाद्या विवरातून नव्हे, तर जमिनीतील लांबच लांब भेगांतून बाहेर आला आणि पातळ असल्याने दूरवर पसरत गेला. एका थरावर दुसरा थर साचत पश्चिम घाटात त्यांची एकत्रित जाडी २ किलोमीटरच्या पुढे गेली. या खडकसमूहास दख्खन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतील पायऱ्या या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. सध्या या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापलेले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे विवर याच बेसाल्टमध्ये असले, तरी ते ज्वालामुखीचे नसून उल्कापाताने झालेले आहे.

पायऱ्यांचे हे रूप खंडाळ्याच्या घाटातून जाताना गाडीच्या खिडकीतूनही दिसते. घट्ट बेसाल्टचा थर झिजत नाही, तो उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो. त्याच्या वरचा किंवा खालचा सच्छिद्र, पोकळ्यांनी भरलेला थर लवकर झिजतो आणि तेथे उतार अथवा सपाटी तयार होते. डोंगराच्या कमरेभोवती फिरणाऱ्या अशा सपाटीला स्थानिक लोक ‘पदर’ म्हणतात. किल्ल्याची ‘माची’ बहुधा अशाच सपाटीवर वसलेली असते आणि ‘बालेकिल्ला’ वरच्या कड्याच्या माथ्यावर. किल्ले बांधणाऱ्यांनी तटाचे निम्मे काम कड्यावर सोपवलेले होते, असे म्हणता येईल. दोन लाव्हाथरांच्या मध्ये पुष्कळ ठिकाणी तांबड्या मातकट खडकाचा पातळ पट्टा दिसतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालच्या थराचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजून हा पट्टा बनला. मुलांना दाखवण्यासारखी ही सर्वांत सोपी खूण होय, कारण ती ओळखायला कोणतेही साधन लागत नाही. खडकातील पोकळ्यांत साचलेले पांढरे, कधी हिरवट स्फटिक बहुधा झिओलाइट गटातील खनिजांचे असतात.

लाव्हाचे थर फोडून वर घुसलेल्या आणि आतच थिजलेल्या उभ्या भिंतींना डाइक म्हणतात. ही भिंत भोवतालच्या खडकापेक्षा कठीण असेल तर ती उभी राहते. जास्त भेगाळलेली असेल तर झिजून तेथे अरुंद घळ पडते. कोकणातून देशावर चढणाऱ्या कित्येक जुन्या वाटा अशा घळींतूनच जातात व त्यांना ‘नाळ’ म्हणतात. नाळेतील सुटे दगड, म्हणजे घसारा, उतरताना पायाखालून सरकतो. त्यामुळे नकाशावर जवळची दिसणारी नाळेची वाट मुलांसह जाणाऱ्यांना लांबच्या सोंडेपेक्षा अधिक वेळ घेते.

लोअर परळ आणि परिसर

लोअर परळ हे मुंबईच्या गिरणगावातील एक ठिकाण. मूळच्या मुंबई बेटांवर पश्चिमेस मलबार हिल–वरळी आणि पूर्वेस डोंगरी–परळ–शिवडी अशा टेकड्यांच्या दोन रांगा होत्या. त्यांच्या मधला सखल, भरतीच्या पाण्याखाली जाणारा भाग अठराव्या शतकाच्या अखेरीस वरळीचा बांध झाल्यानंतर हळूहळू भरत गेला. लोअर परळ याच पट्ट्यात येते. दोन्ही रांगांचा खडक ज्वालामुखीजन्यच आहे. सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असतात, तर पनवेलच्या आसपास ते वाकून पश्चिमेकडे समुद्राच्या दिशेने कलतात. त्यामुळे मुंबईखालचे थर सह्याद्रीच्या मानाने उत्तरकालीन आहेत.

वरळीच्या टेकडीत दोन लाव्हाथरांच्या मध्ये गोड्या पाण्याच्या तळ्यात साचलेला गाळाचा खडक आढळला. त्यात लहान बेडकांचे जीवाश्म विपुल होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि पुढे या बेडकाला इंडोबॅट्रॅकस हे प्रजातिनाम मिळाले. उद्रेक सलग चालू नव्हते, मध्ये तळी साचण्याइतकी व त्यात जीव नांदण्याइतकी उसंत मिळत होती, हे या जीवाश्मांवरून कळते. लोअर परळहून वरळीची टेकडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आज तिच्यावर इमारती आहेत आणि तो थर पाहायला मिळत नाही.

गिरण्यांत काम करणारे कामगार प्रामुख्याने कोकणातून आणि घाटावरील सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांतून आलेले होते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना त्यांची गावे होती, आणि घाटवाटा त्यांच्यापैकी अनेकांना सहलीची नव्हे तर येण्याजाण्याची वाट म्हणून ठाऊक होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व त्यांच्या जागी कार्यालये, मॉल आणि उंच इमारती आल्या. हौस म्हणून डोंगर चढण्याची संघटित परंपरा मुंबईत त्याआधीची आहे: ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. गो. नी. दांडेकर (१९१६–१९९८) यांच्या लेखनाने मराठी वाचकाला किल्ल्यांची ओढ लावली, तर हरीश कपाडिया आणि आनंद पाळंदे यांच्या पुस्तकांनी वाटा, पाणी व मुक्कामाची ठिकाणे यांची माहिती दिली.

लोअर परळ स्थानक पश्चिम रेल्वेवर आहे. मध्य रेल्वेचे करी रोड स्थानक तेथून पायी काही मिनिटांवर येते. या दोन मार्गांमुळे डोंगरांची निवड ठरते. बोरिवलीकडे थेट लोकल मिळते. कर्जत, खोपोली व कसारा या बाजूंना जाण्यासाठी दादरला गाडी बदलणे सोयीचे पडते. लोणावळ्यापर्यंत लोकल जात नाही. त्यासाठी दादरहून पुण्याकडे जाणारी गाडी घ्यावी लागते.

पहिली चाल: कान्हेरी

लहान मुलांच्या पहिल्या चालीसाठी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी योग्य ठरतात. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. ती ज्या खडकात कोरली तो घट्ट बेसाल्ट नसून ज्वालामुखीच्या तुकड्यांचा चिकटून बनलेला ब्रेशिया आहे, आणि भिंतींतील वेगवेगळ्या आकारांचे, टोकदार तुकडे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. लेण्यांच्या दारापाशी पाण्याची टाकी, कातळावरून त्यांच्याकडे पाणी वळवणारे चर आणि वर जाणाऱ्या खोदीव पायऱ्या आहेत. खडक, पाणी आणि वस्ती यांचा संबंध समजण्यासाठी मुंबईत यापेक्षा चांगली जागा नाही. उद्यान संध्याकाळी बंद होते. ही चाल दिवसाचीच आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हे आणखी एक ठिकाण. सुमारे ६० मीटर उंचीचे हे बेसाल्टचे उभे स्तंभ लाव्हा सावकाश थंड होताना आकसल्याने तयार झाले. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. भोवती दाट वस्ती झाल्याने स्तंभ नीट दिसण्यासाठी जागा शोधावी लागते.

राजमाची: मुक्कामाचे उदाहरण

लोणावळा व कर्जत यांच्या दरम्यान असलेली राजमाची ही मुलांसह रात्र काढण्यासाठी मुंबईकरांची जुनी आणि बहुतांशी सुरक्षित निवड आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, त्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर आणि खाली पठारावर उधेवाडी हे गाव, अशी तिची मांडणी आहे. श्रीवर्धनची उंची सुमारे ९१४ मीटर असून तो दोहोंत उंच आहे. बोरघाटातून कल्याणच्या बाजूस उतरणाऱ्या मालावर नजर ठेवणे हे या किल्ल्याचे प्रयोजन होते. उल्हास नदीचा उगम याच परिसरात होतो.

येथे येण्याच्या दोन वाटा खडकाचा स्वभाव स्पष्ट करतात. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे येणारी वाट सुमारे १५ किलोमीटर लांब आहे, पण ती घाटमाथ्याच्या सपाटीवरून जाते आणि तीत खडी चढाई फारशी नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे; म्हणजे या वाटेने जाणाऱ्याची बहुतेक चढाई गाडीत बसूनच झालेली असते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील रेल्वेमार्गाची ही देणगी होय. दुसरी वाट कर्जतजवळील कोंदिवडे गावातून कोंढाणे लेण्यांमार्गे चढते. अंतर कमी आहे, परंतु कोकणातून घाटमाथ्यावर येताना लाव्हाच्या सगळ्या पायऱ्या एकामागून एक चढाव्या लागतात. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेल्या ठोकताळ्यानुसार दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरतात. हा हिशेब धडधाकट प्रौढाचा आहे. सहा-सात वर्षांचे मूल बरोबर असल्यास तो दुप्पट धरणे शहाणपणाचे ठरते, आणि त्यानुसार सूर्यास्ताच्या दोन तास आधी मुक्कामी पोहोचेल अशी निघण्याची वेळ ठरवावी लागते.

कोंढाण्याची बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली येथे दिसते. एकसंध, कमी भेगांचा बेसाल्टथर मिळाल्याशिवाय असे कोरीव काम शक्य होत नाही. लेण्यांची जागा निवडणाऱ्यांना थर ओळखता येत होते, हे त्यावरून उघड आहे. पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावर वरच्या कड्यावरून पाणी कोसळते.

उधेवाडीत ग्रामस्थांच्या घरी जेवणाची व राहण्याची सोय होते. पिठले-भाकरी, चुलीवरचा भात आणि ओसरीवर अंथरूण ही तंबूपेक्षा मुलांसाठी अधिक सोयीची व्यवस्था आहे, शिवाय तिचा पैसा गावातच राहतो. तंबू लावायचाच असेल तर सह्याद्रीतील एक व्यावहारिक अडचण लक्षात घ्यावी लागते: कातळावर मातीचा थर बोटभर असतो आणि खुंट्या आत जात नाहीत. तंबूचे दोर दगडांना बांधावे लागतात, आणि दगड उचलताना हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे लागते. फुरसे हा विषारी साप अशा दगडांखालीच राहतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर सरकारी रुग्णालयांत दिली जाणारी प्रतिविषाची लस चालते. दंश झाल्यास जागा कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे टाळून जखमीला हालचाल न करू देता रुग्णालयात नेणे हाच उपाय आहे.

पाणी

लोणावळा परिसरात वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच परिसरातील डोंगरवाड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये पाण्याची टंचाई असते. बाहेरच्या माणसाला हे खोटे वाटते. घट्ट बेसाल्ट पाणी शोषून घेत नाही. पाऊस उतारावरून वाहून कोकणात उतरतो आणि थोडासाच भाग भेगांतून, थरांच्या सांध्यांतून झिरपत राहतो. किल्ल्यांवरील टाकी अशा झिरप्याजवळ किंवा पावसाचे पाणी वळवता येईल अशा उतारावर खोदलेली आहेत. काहींच्या छताला दगडी खांबांचा आधार ठेवून त्यांवर सावली केलेली असते. ती ‘खांबटाकी’ होत. सावलीमुळे बाष्पीभवन कमी होते आणि शेवाळही कमी धरते. पिण्याचे टाके कोणते हे गावकऱ्यांना ठाऊक असते, आणि ते विचारून घेणे हा या भटकंतीतील पहिला शिष्टाचार आहे. पिण्याच्या टाक्यात भांडी घासणे, पोहणे किंवा साबण वापरणे म्हणजे त्या वाडीच्या उन्हाळ्याच्या साठ्यावर घाला घालणे होय. मुलांसाठी हे पाणी उकळून वापरतात.

हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा मुलांसह मुक्कामाचा उत्तम काळ. दिवसा ऊन सोसवते, रात्री माथ्यावर थंडी असते व वाटा कोरड्या असतात. या काळात गवत वाळलेले असल्याने शेकोटीची ठिणगी वणवा लावू शकते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पठारांवर सोनकीसारखी रानफुले येतात. कारवी मात्र सात वर्षांतून एकदा फुलते, त्यामुळे एखाद्या मुलाने ती पहिल्यांदा पहिलीत पाहिली तर पुन्हा पाहताना ते आठवीत असते. मेअखेर ते जूनच्या पहिल्या सरींपर्यंत राजमाची व भंडारदरा परिसरात काजवे झाडांवर लखलखतात. हा त्यांचा मीलनकाळ असून विजेरी आणि गाड्यांचे दिवे त्यात व्यत्यय आणतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी काळा कातळ तापतो, आणि उष्माघाताचा धोका सर्वाधिक लहान मुलांना व वृद्धांना असतो.

कड्यांच्या कपारींत आग्या मधमाशांची पोळी असतात. धूर, अत्तराचा वास आणि आरडाओरड यांनी त्या उठतात. अशा हल्ल्यांत जीव गेलेले आहेत.

पावसाळ्यातील धोके

सह्याद्रीचे सर्वाधिक मोहक रूप पावसाळ्यातले, आणि अपघातही त्याच काळातले. झिरपा कमी व वाहून जाणारे पाणी जास्त असल्यामुळे वर डोंगरात पडलेल्या सरीचे पाणी काही मिनिटांत ओढ्यात उतरते, खाली पाऊस नसतानाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात सहलीला आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. ओढ्याच्या मध्यावरील खडक कोरडा आहे म्हणून तो सुरक्षित आहे, हा समज अशा दुर्घटनांच्या मुळाशी असतो. पावसाळ्यात अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासन धबधबे व धरणांच्या परिसरात मनाईहुकूम काढते. भंडारद्याजवळची सांदण दरी ही बेसाल्टमधील अरुंद भेग असून पावसाळ्यात तीत उतरू नये.

दुसरा धोका दरडींचा. कड्याच्या पायथ्याशी शतकानुशतके साचलेला दगडमातीचा ढीग पाण्याने जड होतो आणि खालच्या गुळगुळीत कातळावरून सरकतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव अशाच रीतीने गाडले जाऊन १५१ माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळगडाच्या पोटात वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. माणसांनीच माती उपसली, आणि त्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्सचे गिर्यारोहकही होते. इर्शाळगडाची नेहमीची वाट या ठाकर वाडीतून जात असे. तेथील अंगणात पाणी प्यायलेले पदभ्रमणकर्ते मुंबईत पुष्कळ आहेत. अतिवृष्टीचा इशारा असताना कड्याखालच्या पदरावर तंबू न लावणे आणि तेथील घरांतही मुक्काम न करणे, हा नियम या घटनेनंतर अनेक गट पाळू लागले.

नियम व बचाव

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील संरक्षित किल्ल्यांवर रात्री राहता येत नाही. त्यांपैकी लोहगडाचा समावेश जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांत आहे. पायऱ्यांची सलग वाट असल्याने तो कुटुंबासाठी दिवसाच्या चालीस चांगला आहे. कळसूबाई (१,६४६ मीटर) हे राज्यातील सर्वोच्च शिखर व हरिश्चंद्रगड (१,४२४ मीटर) हे एकाच अभयारण्यात येतात आणि तेथील मुक्कामाला वनविभागाचे नियम लागू होतात. हरिहर व कलावंतीण येथील उभ्या खोदीव पायऱ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध असली, तरी गर्दीच्या दिवशी लहान मुलांना तेथे नेणे अविचाराचे आहे: चढणारे व उतरणारे एकाच अरुंद पायरीवर समोरासमोर येतात.

व्यावसायिक सहलींसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. आयोजक नोंदणीकृत आहे का, दर किती मुलांमागे एक जाणकार आहे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे, हे पालकांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावे. वाट चुकलेल्यांना व जखमींना खाली आणण्याचे काम प्रामुख्याने स्थानिक स्वयंसेवी पथके करतात. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही त्यांपैकी परिचित संस्था आहे. घाटाच्या दऱ्यांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नसते. त्यामुळे निघताना जाण्याची वाट, मुक्कामाचे गाव आणि परतीची वेळ घरी व पायथ्याच्या गावात सांगून ठेवण्याची जुनी पद्धत अद्याप उपयोगी आहे. शोध कोठून सुरू करायचा हे पथकाला त्यावरूनच कळते.